सासूच्या हातून सत्कार

सत्काराचा रविवार ठरला तेव्हा सुलक्षणाची आई अजून बोलत होती. आवाज खोल गेला होता, पण फोनवर कळत होतं. बलांगीर जिल्ह्यातल्या त्या गावातून भावाने फोन लावून आईच्या कानाशी धरला होता. आईने दोनच गोष्टी विचारल्या. एक, तिकडे जेवायला भात मिळतो का. दोन, पोरगी कधी दाखवतेस.

पोरगी म्हणजे रूपाली. तेरा वर्षांची, आठवीत. आजीने तिला फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं.

फोन ठेवून सुलक्षणा नवऱ्याकडे गेली. कुंदन बाजेवर बसून वेचलेल्या कापसातली पानं निवडत होता.

"आईला जास्त आहे. मला जायचंय. रूपालीला घेऊन."

कुंदनने पानं झटकली. "रविवारी तुझा सत्कार आहे ना अमळनेरला? आपल्या कामिनीने कार्डं छापली. तो होऊ दे. सोमवारी बसवून देतो गाडीत."

"रूपालीला घेऊन," ती पुन्हा म्हणाली.

चुलीशी बसलेल्या सासूने, कमलबाईने, भाकरी उलटली. "जाशी, जाशी. कोन तुले बांधी ठेवस? पोरनं मंग देखू."

त्या दिवशी मंगळवार होता. मधे चार दिवस. सुलक्षणाने होकार दिला. आजारी माणसं चार दिवस थांबतात असं तिला वाटलं.

*

ती या घरात आली त्याला पंधरा वर्षं झाली. त्या काळात गावात लग्नाच्या मुलींचा दुष्काळ होता. कुंदनला दोन एकर कोरडवाहू, नोकरी नाही, वय एकतीस. तीन ठिकाणी नकार आल्यावर दोंडाईच्याचा एक मध्यस्थ भेटला. त्याने ओडिशातली मुलगी दाखवतो म्हणून सांगितलं. चार माणसं गेली, तिथल्या देवळात लग्न लागलं, पाचवं माणूस घेऊन परत आली. एकोणीस वर्षांची बासंती, नववी शिकलेली. तांदळात नाव लिहिताना कमलबाईने तिचं नाव सुलक्षणा ठेवलं. चांगल्या लक्षणांची निघो, एवढाच त्यामागे हेतू.

हेतूला कारण होतं. गल्लीत त्याआधी दोन सुना अशाच बाहेरून आल्या होत्या. एक तीन महिन्यांत पळून गेली, दुसरी बाजाराला म्हणून निघाली ती परतलीच नाही. त्यामुळे पहिली दोन वर्षं कमलबाई सुनेच्या खोलीला बाहेरून कडी लावत असे. त्यात दुष्टपणा नव्हता. म्हैस नवी आणली की आठ दिवस दावणीला बांधतात, तसंच तिला ते वाटत असे.

दोन वर्षांत सुलक्षणा एकदा कुंदनबरोबर माहेरी जाऊन आली. पुढे रूपाली झाली. रूपाली चार वर्षांची असताना वडील गेले तेव्हा ती पुन्हा गेली, पण रूपालीला कमलबाईने ठेवून घेतलं. "लेकरू प्रवासमा आजारी पडी," ती म्हणाली. सगळ्यांना खरं कारण माहीत होतं. सुलक्षणालाही होतं. लेकरू इथं आहे म्हणजे आई परत येणार. ती बाराव्या दिवशी परत आली.

भाषा तिने दोन ठिकाणांहून घेतली. समजायची भाषा सासूकडून, बोलायची शाळेच्या पुस्तकातून. थोरले दीर भिकन यांची मुलगी कामिनी अभ्यासाला बसली की ही शेजारी बसे. त्यामुळे तिची मराठी मास्तरासारखी झाली. घरात सगळे अहिराणी बोलत आणि ही "मी पाणी आणते आहे" म्हणे. गल्लीतल्या बायका हसत. हसता हसता त्यांना सवय झाली.

कामिनी सातवी झाली आणि त्याच वर्षी गावात येणारी एस्टी बंद झाली. हायस्कूल पलीकडच्या गावात, चार किलोमीटर. मधे कापसाची शेतं, एक फरशी पूल, एक वीटभट्टी. भिकनने जेवताना निकाल दिला. "एस्टी बंद व्हयनी, शाळा बंद व्हयनी. पोर घर बसी."

सुलक्षणा वाढत होती. तिने डाळीची वाटी खाली ठेवली. "मी नेईन तिला. आणेन पण मी. आमच्याकडे मी सहा किलोमीटर चालत होते."

सासरे तोताराम आबा ताटावरून म्हणाले, "ली जाऊ दे. दोन दिन जाई, पाय दुखतीन, बसी."

पाय दुखले ते कमलबाईचे. पहिला महिनाभर तीही मागे मागे चालत गेली, डोक्यावर पदर, हातात काठी. कुणी विचारलं तर म्हणे, रान बघायला निघालेय. महिन्याने गुडघे धरले. मग रूपालीला घरी मांडीवर घेऊन बसू लागली. रूपाली घरी असली म्हणजे सुनेवर पाळत ठेवायची गरज नव्हती.

पहिल्या वर्षी मुली तीन होत्या. दुसऱ्या वर्षी सात. ती सकाळी नऊला मारुतीच्या पारापाशी उभी राहायची. मोठ्या मुली पुढे, लहान मधे, ही सगळ्यांच्या मागे. एखादी आली नाही की ही तिच्या दारात जाऊन उभी राहायची. हाक मारायची नाही, भांडायची नाही. नुसती उभी. आतल्या बाईला स्वयंपाक करताना दारातली सावली दिसत राही. "आज पोटमा दुखी ऱ्हायनं तिन्हं," असं आतून यायचं. ही म्हणायची, "बरं. मी थांबते." दहा मिनिटांत मुलगी दप्तर घेऊन बाहेर. एकदा एका मुलीचा साखरपुडा ठरला होता, दहावीच्या परीक्षेआधी दोन महिने. ती त्या दारात तीन दिवस उभी राहिली. बाकीच्या मुली रस्त्यावर खोळंबल्या, त्यांचे पालक त्या घरावर चिडले. साखरपुडा मे महिन्यावर गेला.

वीटभट्टीवर सुरुवातीला पोरं शिट्ट्या मारत. ती तिथं पोचली की थांबायची आणि त्यांच्याकडे बघत राहायची, मुली पुढे जाईपर्यंत. शिट्ट्या आठवड्यात बंद झाल्या.

अकरा वर्षं ही रांग चालली. आता मुली तेवीस होत्या. आधीच्यांतली एक जळगावात नर्स होती, दोघी पोलीस भरतीची तयारी करत होत्या, एक पाचोऱ्यात बँकेत लागली होती. कामिनी धुळ्याला समाजकार्य शिकत होती. तिच्या गटाने ठरवलं की बाहेरून येऊन इथल्या मुलामुलींसमोर उदाहरण झालेल्या माणसांचा सत्कार करायचा. आणि पहिलं नाव तिने काकूचं दिलं.

*

रविवारी सकाळी सहाला सुलक्षणा मागच्या अंगणात पाणी तापवत होती. फोन वाजला. सुरतेला मागावर काम करणारा मावसभाऊ होता. तो आपल्या भाषेत रडत बोलला. मावशी गेली, साडेपाचला गेली, तुला दादाने सांगितलंच असेल, मी रात्रीच्या गाडीने निघतोय.

दादाने तिला सांगितलं नव्हतं. भावाची रीत तिला माहीत होती. वाईट बातमी आधी जावयाला. त्याने कुंदनला फोन केला असणार.

ती हो म्हणाली आणि फोन ठेवला. बंबात दोन लाकडं सारली. पाण्याला अजून वाफ आली नव्हती.

आत आली तर कुंदन खाटेवर बसलेला, फोन हातात उलटा धरलेला. तिला पाहून उठला. "तू बस," म्हणाला, "पाणी मी भरतो." पंधरा वर्षांत त्याने पाणी भरलं नव्हतं. तो हंडा घेऊन गेला आणि सुलक्षणाला कळलं की त्याला कळलं आहे.

थोड्या वेळाने कमलबाई तेलाची बाटली घेऊन आली. "बस आठे. वेणी घाली देस तुन्ही."

"मी घालते, आत्या."

"बस म्हणस ना."

ती पाटावर बसली. सासूची बोटं केसांत चालत होती, नेहमीपेक्षा हळू. एकदा थांबली. मग पुन्हा चालू लागली. कमलबाईलाही माहीत होतं. सुलक्षणाला माहीत आहे हे मात्र त्या दोघांना माहीत नव्हतं.

बोलायची वेळ तीच होती. सुलक्षणाने मनात हिशेब मांडला. आईला दुपारपर्यंत नेतील. इथून गाडी उद्याची. पोचेपर्यंत परवा दुपार. आता निघालं काय, संध्याकाळी निघालं काय, आईचं तोंड दिसणार नव्हतं. आणि बोललं तर सुतक. लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं तीन दिवस. बातमी कानावर पडली की लागू. मग कुंकू नाही, ओटी नाही, स्टेज नाही. कमलबाई तिला दारातून बाहेर पडू देणार नव्हती. तेवीस मुलींनी दोन दिवस घासून युनिफॉर्म धुतले होते, दोन गाड्या ठरवल्या होत्या. त्यांच्या आयांनी डबे भरले होते.

ते सगळं खरं होतं. पण त्यासाठी ती गप्प बसली असं म्हणता येत नव्हतं. तिच्या आत काही हलतच नव्हतं. हातपाय चालत होते तेवढे तिने चालू दिले.

"कोनती साडी नेसशी?" कमलबाईने विचारलं.

"तुम्ही सांगाल ती."

कमलबाईने स्वतःच्या पेटीतली जांभळी काढून दिली, काठ जरीचा. कधी कुणाला दिली नव्हती.

दारात गाडी लागली तेव्हा शेजारची धुरपदाबाई ओट्यावर आली. "आते पेपरमा फोटू येई तुन्हा. आम्हले वळख दिशी ना मंग?"

"तुम्ही आधी माझ्याकडचं पातेलं परत द्या," सुलक्षणा म्हणाली. बायका हसल्या. धुरपदाबाई सगळ्यांत जास्त हसली. कमलबाई हसली नाही, गाडीत चढून बसली.

*

अमळनेरला मंगल कार्यालयाच्या मधल्या हॉलमध्ये दोनशे खुर्च्या होत्या आणि बऱ्याच भरल्या होत्या. स्टेजवर पाच खुर्च्या. एक पाहुण्या प्राचार्यबाईंची, चार सत्कारमूर्तींच्या. पहिले नेपाळमधून आलेले एक गृहस्थ, बाजारपेठेची राखण करता करता पहाटे पोरांना पळायला शिकवणारे. दुसरे सातपुड्यापलीकडून ऊसतोडीला येऊन इथेच राहिलेले एक मास्तर. तिसरे राजस्थानातले सुतार, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नऊ जणांची स्वतःची दुकानं होती. चौथी सुलक्षणा. तिने खुर्चीच्या कडेवर बसून हात मांडीवर ठेवले.

कामिनी माईकवर होती.

"माझी काकू मला शाळेत न्यायची तेव्हा तिला मराठी नीट येत नव्हती. रस्त्यात मी तिला पाढे शिकवायचे. ती चुकायची आणि आम्ही हसायचो. आज मला वाटतं, ती मुद्दाम चुकायची. चार किलोमीटर हसत कापले जायचे."

टाळ्या झाल्या. सुलक्षणाला आठवेना की ती मुद्दाम चुकायची का. पाढे खरंच येत नव्हते बहुतेक.

"जाणं-येणं मिळून रोज सोळा किलोमीटर," कामिनी सांगत होती. "सकाळी पोचवून परत, संध्याकाळी आणायला पुन्हा. अकरा वर्षं. कुणी सांगितलं नाही, कुणी पगार दिला नाही. आम्हाला कुणी विचारलं की तुम्हाला कुणासारखं व्हायचंय, तर आम्ही टीव्हीतली नावं घेत नाही."

पुढच्या तीन रांगांत बसलेल्या मुलींनी एकदम टाळ्या वाजवल्या. रूपाली त्यांच्यात होती. ती आईकडे बघत होती आणि तिला अभिमान आवरता येत नव्हता.

"आणि आता," कामिनी म्हणाली, "संक्रांतीचे दिवस आहेत. आमच्या गटाने ठरवलंय, काकूचा सत्कार प्राचार्य मॅडमच्या हातून नाही, तिच्या सासूच्या हातून करायचा. आजी, वर ये."

हे आधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. कामिनीने गंमत म्हणून राखून ठेवलं होतं.

कमलबाई खुर्चीतच राहिली. शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. दोन मुली येऊन तिला हाताला धरून घेऊन गेल्या. ती पायऱ्या चढली ती खाली बघत. ताट समोर आलं. हळद, कुंकू, खण, नारळ, तांदूळ. सगळं जागच्या जागी.

सुलक्षणा उभी राहिली. समोरासमोर दोघींमध्ये हातभर अंतर. कमलबाईने हळद लावली. मग करंगळीजवळचं बोट कुंकवात बुडवलं आणि ते हवेत थांबलं. फोटो काढणारा म्हणाला, "हां, तसंच, इकडे बघा." कमलबाईने इकडे पाहिलं नाही. तिने सुनेच्या डोळ्यांत पाहिलं, तिथं काही सापडतं का म्हणून. सुलक्षणाने डोळे खाली केले आणि कपाळ थोडं पुढे केलं. कुंकू लागलं. जरा वरती लागलं.

ओटी घेताना सुलक्षणाने जांभळा पदर पसरला. तांदूळ पदरात पडले. ती खाली वाकून पाया पडली, तेव्हा कमलबाईचा हात डोक्यावर आला तो बराच वेळ निघाला नाही. लोकांना ते फार आवडलं. टाळ्या थांबेनात.

प्राचार्यबाईंनी माईक तिच्यासमोर धरला. "दोन शब्द बोला ना, ताई."

सुलक्षणाने माईककडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या मुलींकडे पाहिलं. मग मास्तरासारख्या तिच्या त्या मराठीत म्हणाली, "उद्या सोमवार आहे. कार्यक्रम झाला म्हणून कोणी सुट्टी घेऊ नका. नऊ वाजता पारापाशी या."

सगळा हॉल हसला. प्राचार्यबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हॉलच्या मागच्या दाराशी कुंदन उभा होता. तो बाहेर निघून गेला.

*

घरी पोचायला साडेचार झाले. कामिनीही त्यांच्याबरोबरच आली होती, फुलांचा गुच्छ आणि फ्रेम केलेलं सन्मानपत्र सांभाळत. तिने ते ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलं आणि चांगली जागा शोधू लागली.

कुंदनने घसा साफ केला. "ऐक. तुझ्या भावाचा फोन होता. आईला जरा जास्त आहे. निघावं लागेल."

अशीच सांगायची पद्धत असते. गेलेल्या माणसालाही आधी जास्त आहे म्हणतात, मग रस्त्यात कुठेतरी खरं सांगतात. सुलक्षणा कानातले काढत होती.

"साडेपाचला गेली," ती म्हणाली.

कामिनीचा हात सन्मानपत्रावरच राहिला. कुंदनने आईकडे पाहिलं.

कमलबाई ओट्याच्या खांबाला धरून हळूच खाली बसली. "तुले कव्हय समजनं?"

"सहाला. सकाळी."

"सकायना सहा वाजता?" तिने स्वतःशीच मोजलं. पाणी, वेणी, साडी, गाडी, स्टेज. "मंग कुंकू लाई लिधं तू? सुतकमा?"

"तुम्ही लावलंत, आत्या."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर कमलबाईला उत्तर देता आलं असतं. अंगणात कोंबड्या कण्या टिपत होत्या. बाहेर मुली अजून गाडीतून उतरत होत्या, डब्यांचा आवाज येत होता.

रडली ती कामिनी. काकूला धरून रडली. "मला सांगायचंस ना, काकू. कार्यक्रम पुढे ढकलला असता."

"हॉल परत मिळाला नसता," सुलक्षणा म्हणाली. तिने कामिनीच्या पाठीवर हात फिरवला, एखाद्या आजारी लेकराला फिरवावा तसा.

कमलबाई उठली. जे करायचं ते तिला येत होतं. तिने बंब पेटवला, सुनेला डोक्यावरून आंघोळ घातली. कपाळावरचं कुंकू पाण्याबरोबर गेलं. जांभळी साडी तिने स्वतःच पिळून वेगळी वाळत घातली. देवघराचा पडदा ओढला. सुलक्षणाला पडवीत वेगळी सतरंजी दिली, वेगळा तांब्या दिला. ती सारखी बोलत राहिली, कुणाशी नाही असं. देवाला कसं सांगू, पाच सवाष्णी होत्या तिथं, बाटवलं सगळं. मग एकदम म्हणाली, "मन्हाच हातवरी व्हयनं ना सगळं. देव बी मालेच पुसी."

"उद्या दुपारी पुरीकडची गाडी आहे अमळनेरहून," कुंदन म्हणाला. "मी तिकीट बघतो. कापूस उघडा पडलाय, मला येता यायचं नाही. एक तिकीट बघू ना?"

"दोन," सुलक्षणा म्हणाली. "रूपाली येतेय."

रूपाली दारात उभी होती. युनिफॉर्मवरच होती अजून. तिने आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं.

"पोरले कसाले?" कमलबाई म्हणाली. "आते कोन शे तठे देखाले? तुन्ही मायच नही ऱ्हायनी."

"घर आहे. मामा आहे. दहावं-बारावं आहे. नातीने हात लावायचा असतो."

"आनि शाळा? तूच सांगस ना बठ्ठासले, पोरीसनी शाळा बुडाले नको. आज स्टेजवर बी तेच सांगं तू. तुन्ही पोर दहा-बारा दिन घर बसी तर लोके काय म्हनतीन?"

बिनतोड होतं. कुंदनने मान हलवली, कारण त्याला ते पटलं. अकरा वर्षं सुलक्षणाने हेच लोकांच्या दारात उभं राहून केलं होतं. ताप, पाहुणे, लग्न, कापूस वेचणी, कशासाठी कुठल्या मुलीचा एक दिवस बुडू दिला नव्हता.

ती सतरंजीवर बसली होती. ओल्या केसांतून पाणी गळत होतं. तिने ते पुसलं नाही.

"दहा दिवस बुडेल," ती म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. कामिनीने मान वर केली. तिचं रडणं थांबलं होतं आणि आता तिला राग आला होता.

"आजी, खरं बोल ना. तुला शाळेचं पडलेलं नाही. तुला वाटतं, दोघी गेल्या तर येणार नाहीत."

"तू चूप बस. मोठासमा बोलू नको."

"पळून जायचं असतं तर ती रोज चार किलोमीटर जाऊन परत आली असती का? रोज दोनदा? हायस्कूलच्या बाहेर स्टॉप आहे, तिथून सगळीकडच्या गाड्या मिळतात."

कमलबाईने पदर खोचला. ती आत गेली. भांडी वाजली, कुलूप वाजलं, पेटीचं झाकण पडलं. बराच वेळ ती आली नाही. कुंदन बाजेवर बसून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. सुलक्षणाने काही मागितलं नाही आणि काही समजावलं नाही. दिवसभरात तिला जे एक मागायचं होतं ते मागून झालं होतं. आता तिला फक्त उत्तर ऐकायचं होतं, आणि तेही आलं तर.

कमलबाई दारात आली. हातात रूपालीचा स्वेटर होता, बाहीवरची शिवण उसवलेली. डोळ्याजवळ नेऊन तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. दोनदा हुकला. मग सुई रूपालीच्या हातात दिली.

"तठे थंडी शे का?" तिने सुनेला विचारलं.

"असते," सुलक्षणा म्हणाली.

कुंदन दोन तिकिटं बघायला उठला.

*

सोमवारी नऊला मुलींना कामिनी घेऊन गेली. एकोणीस आल्या होत्या. रूपाली सोडून न आलेल्या तिघींच्या दारात ती जाऊन उभी राहिली की नाही, ते सुलक्षणाने विचारलं नाही.

गाडी तासभर उशिरा आली. जनरलचा डबा सुरतेहून भरून आला होता. कुंदनने पिशव्या खिडकीतून आत दिल्या, रूपालीला उचलून दाराशी चढवलं. आतली माणसं ओडिशाचीच होती. सुलक्षणा त्यांच्याशी काहीतरी बोलली, भराभर, पुस्तकातलं नाही असं, आणि रूपालीने चमकून आईकडे पाहिलं. एका बाईने गाठोडं मांडीवर घेतलं. दोघींपुरती जागा झाली.

"पोचल्यावर फोन कर," कुंदन खिडकीशी म्हणाला. मग थोडं थांबून, "परतीचं तिकीट काढून ठेवू का?"

"बारावं झालं की सांगते."

त्याने मान हलवली. गाडी हलली तसा तो चार पावलं बरोबर चालला, मग थांबला.

दोन-तीन स्टेशनं गेली. जळगावला डब्यात आणखी माणसं चढली. समोरच्या बाईने रूपालीच्या हनुवटीला हात लावून काही विचारलं. सुलक्षणाने उत्तर दिलं. बाईचा चेहरा बदलला. तिने पदर डोळ्याला लावला, शेजारणीला सांगितलं. शेजारणीनेही लावला. अख्ख्या बाकड्यावर अनोळखी बायका सुलक्षणाच्या आईसाठी हळू आवाजात रडू लागल्या. सुलक्षणा मधे बसून खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होती.

रूपालीने बराच वेळ ते पाहिलं.

"आई, सगळ्या रडतायत. तू का रडत नाहीस?"

"तिथं गेल्यावर," सुलक्षणा म्हणाली, आणि कमलबाईने बांधून दिलेल्या दशम्यांचं फडकं सोडून तिच्यापुढे धरलं. "आधी खाऊन घे."